सही कोणाची चालते? अंदमान-निकोबार कमांडची गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा: "कारगिलनंतर अंदमान-निकोबार कमांड ही तिन्ही दलांची देशातली पहिली संयुक्त कमांड म्हणून उभी राहिली. मग तशीच दुसरी भौगोलिक कमांड इतक्या वर्षांत का झाली नाही? ही कमांड नेमकं करते काय? आणि येऊ घातलेल्या थिएटर कमांडसाठी (एका मोठ्या भागातली तिन्ही दलं एकाच प्रमुखाच्या हाताखाली) तिला नमुना मानायचं का?"

आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे माझा चष्मा कोणता ते कळेल. मी लष्कराच्या एएससीतला, म्हणजे रसद-पुरवठ्याचा माणूस. पोर्ट ब्लेअरला संयुक्त मुख्यालयात एक पोस्टिंग झालं, पुढे तिन्ही दलांच्या सामायिक कामांत आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे क्षेपणास्त्रांपेक्षा डिझेल, कांदे-बटाटे आणि इंडेंट (मागणीपत्रं) यांवर माझी नजर आधी जाते. पण बेटांवरच्या सैन्याचं खरं दुखणं याच गोष्टींत असतं, असं माझं मत आहे.

नकाशा उघडा. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण बोलताना अजून जुनंच तोंडात येतं) चेन्नईपासून सुमारे १,३५० किलोमीटर. उलट ग्रेट निकोबारच्या टोकाचा इंदिरा पॉइंट सुमात्रापासून दीडशे-एकशे साठ किलोमीटर. म्हणजे आपल्या शेवटच्या टोकाला चेन्नईपेक्षा इंडोनेशिया कितीतरी जवळ. ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्या मधून सिक्स डिग्री चॅनेल जातं आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी बहुतेक मोठी जहाजं तिथून वाट काढतात. आखातातून चीन-जपानकडे जाणारं तेल याच वाटेचं. बेटांमुळे आपल्याला मिळालेलं सागरी आर्थिक क्षेत्र सुमारे ६ लाख चौरस किलोमीटर, देशाच्या एकूण क्षेत्राच्या जवळजवळ तीस टक्के. जमीन मात्र ८,२४९ चौरस किलोमीटर, तीही बहुतांश जंगल.

या बेटांचं लष्करी महत्त्व आजचं नाही. १७८९ मध्ये इथे पहिली वसाहत वसवणारा आर्चिबाल्ड ब्लेअर हा बॉम्बे मरीनचा अधिकारी. म्हणजे पोर्ट ब्लेअरच्या नावामागे मुंबईचं आरमार आहे. मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, ते योग्यच आहे. पण लष्करी दृष्टीने मला जास्त शिकवून जातो तो १९४२ ते १९४५ चा काळ. २३ मार्च १९४२ ला जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरलं तेव्हा लढाई अशी झालीच नाही, कारण ब्रिटिशांनी शिबंदी आधीच काढून घेतली होती. ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी तिथे तिरंगा फडकवला. त्यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. दोस्तांनी ही बेटं परत जिंकायचा खटाटोप केलाच नाही. समुद्रातली वाट तोडली आणि बेटं वाळत ठेवली. अन्न इतकं आटलं की १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपान्यांनी शेकडो नागरिकांना हॅवलॉक बेटाच्या किनाऱ्याजवळ नेऊन सोडलं आणि त्यातले बहुतेक मेले. जपानी शिबंदीने ऑक्टोबरमध्ये जिमखाना मैदानावर शस्त्रं ठेवली. बेट घ्यायला सैन्य लागतं, पण ते निकामी करायला त्याचा पुरवठा तोडला तरी भागतं. पुरवठ्याच्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर बराच काळ आपलं लक्ष उत्तरेकडच्या डोंगरांत होतं. चीनच्या युद्धानंतर नौदलाने इथे हातपाय पसरायला सुरुवात केली आणि १९६४ मध्ये आयएनएस जारवा हा तळ उभा राहिला. १९७१ मध्ये बेटांचा खरा उपयोग झाला. आपल्या विक्रांत या विमानवाहू नौकेला शोधत पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमभोवती फिरत होती, तेव्हा विक्रांत अंदमानात दडवलेली होती. त्या नांगरवाड्याचं सांकेतिक नाव होतं 'पोर्ट एक्स-रे'. गाझी विशाखापट्टणमजवळच बुडाली आणि ४ डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला. पुढे १९७६ च्या सुमारास 'फोर्ट्रेस कमांडर' ही व्यवस्था आली. नाव किल्लेदाराचं, पण किल्ल्यावरची दारूगोळ्याची कोठी तीन वेगवेगळ्या सरदारांची. फोर्ट्रेस कमांडर नौदलाचा अधिकारी असे. लष्कराची ब्रिगेड आणि कार निकोबारचा हवाई तळ यांचे वरिष्ठ मात्र मेनलँडवर बसत.

मग कारगिल. १९९९ च्या युद्धात लष्कर आणि हवाई दल यांच्यातला समन्वय सुरुवातीला किती लंगडा होता, ते सगळ्यांनी पाहिलं. के. सुब्रह्मण्यम समितीने अहवाल दिला, त्यावर मंत्रिगट बसला, अरुण सिंग यांच्या कृतिगटाने संरक्षण व्यवस्थापनाची मांडणी केली आणि २००१ च्या फेब्रुवारीत मंत्रिगटाच्या शिफारशी आल्या. संरक्षण दलप्रमुख नेमा, संयुक्त स्टाफ उभा करा, अण्वस्त्रांसाठी वेगळी कमांड करा आणि अंदमानात तिन्ही दलांची एकत्र कमांड करा, असं साधारण सूत्र. शेवटची शिफारस त्याच वर्षी पूर्ण झाली, कारण त्यात कोणाचंही फारसं जात नव्हतं. पश्चिम सीमेवरची एखादी कमांड एकत्र करायची म्हटलं असतं तर तीन दलांत रणकंदन झालं असतं. अंदमान दूर, लहान आणि तोवर कोणाच्या फारसं लक्षात नसलेलं. प्रयोग करायला ती जागा सोयीची पडली.

ऑक्टोबर २००१ मध्ये कमांड सुरू झाली. पहिले कमांडर-इन-चीफ व्हाइस ॲडमिरल अरुण प्रकाश, जे पुढे नौदलप्रमुख झाले. या पदाला आत सगळे 'सिन्कॅन' म्हणतात. त्याच्या हाताखाली नौदलाचा, लष्कराचा आणि हवाई दलाचा असे कंपोनंट कमांडर आणि तटरक्षक दलाचा प्रादेशिक कमांडर. सिन्कॅनचा वरिष्ठ कोणत्याही एका दलाचा प्रमुख नाही. तो सुरुवातीपासून तिन्ही प्रमुखांच्या समितीला उत्तरदायी आणि आता संरक्षण दलप्रमुखाच्या छत्राखाली. पद पाळीपाळीने तिन्ही दलांकडे जातं. मधे २०१६ नंतर काही वर्षं ते नौदलाकडेच ठेवायचं ठरत होतं, पण २०१९ च्या अखेरीस लेफ्टनंट जनरल पी. एस. राजेश्वर आले आणि पाळी पुन्हा सुरू झाली. त्यांच्यानंतर जून २०२० मध्ये आले नागपूरचे लेफ्टनंट जनरल मनोज पांडे, जे पुढे लष्करप्रमुख झाले. ॲडमिरल डी. के. जोशी तर सिन्कॅन होते, मग नौदलप्रमुख झाले आणि २०१७ मध्ये बेटांचे नायब राज्यपाल म्हणून परत आले. 'काळ्या पाण्याची पोस्टिंग' असं चेष्टेने म्हणणाऱ्यांना मी ही तीन नावं ऐकवतो.

आता ती करते काय?

युद्ध नसताना तिचं काम पहाऱ्याचं आहे. पोर्ट ब्लेअरचा आयएनएस उत्क्रोश, उत्तरेला डिगलीपूरचा आयएनएस कोहासा, दक्षिणेला कॅम्पबेल बेचा आयएनएस बाझ (२०१२ पासून) आणि कार निकोबारचा हवाई दलाचा तळ, या चार धावपट्ट्यांवरून डॉर्निअर ही गस्तीची विमानं आणि हेलिकॉप्टर उडतात. इंडोनेशिया आणि थायलंडच्या नौदलांसोबत संयुक्त गस्त चालते. इंडोनेशियाशी ती २००२ पासून आहे. १९९५ मध्ये चार पाहुण्या नौदलांना बोलावून पोर्ट ब्लेअरला सुरू झालेला 'मिलन' सराव इतका वाढला की २०२२ मध्ये तो विशाखापट्टणमला न्यावा लागला. इथल्या बंदरात एवढी जहाजं मावली नसती. २०१४ मध्ये मलेशियाचं एमएच ३७० विमान हरवलं तेव्हा अंदमान समुद्रातला शोध इथूनच झाला. बाकी रोजचं काम म्हणजे म्यानमारकडून येणारे शिंपल्यांचे आणि समुद्री काकड्यांचे (हा एक समुद्री जीव) चोर, आणि अमली पदार्थ. नोव्हेंबर २०२४ मध्ये तटरक्षक दलाने बॅरन बेटाजवळ एक बोट धरली, त्यात सुमारे ६,००० किलो मेथ सापडलं. अशा पकडीची बातमी दोन दिवस टिकते. तिच्यामागे शेकडो तासांचं कंटाळवाणं उड्डाण असतं, ते कोणी मोजत नाही.

या कमांडची सर्वांत मोठी परीक्षा शत्रूने घेतली नाही. २६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप आणि मग लाट. कार निकोबार हे जवळजवळ सपाट बेट. तिथला हवाई तळ आणि निवासी वसाहत समुद्राला लागून होती. हवाई दलाचे जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसं गेली. इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या आसपास खचली. तिथलं दीपगृह आजही पाण्यात पाय सोडून उभं आहे. तेव्हा नायब राज्यपाल होते ठाण्याचे माजी खासदार प्रा. राम कापसे, आणि सिन्कॅन लेफ्टनंट जनरल बी. एस. ठाकूर. मदतकार्यासाठी एकात्मिक मदत कमांड उभी केली गेली, ज्यात लष्करी आणि मुलकी यंत्रणा एका छताखाली आल्या. माझ्या आधी तिथे काम केलेल्या लोकांकडून ऐकलं ते असं: कुठलं विमान कुठे जाणार, कुठल्या जहाजात पाणी आणि कुठल्यात औषधं, हे एका खोलीत ठरत होतं. दिल्लीतल्या तीन मुख्यालयांकडे तीन संदेश पाठवून उत्तराची वाट पाहिली असती, तर पहिले दोन दिवस त्यातच गेले असते. संयुक्त कमांडचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की मी आकृतिबंध काढत नाही, त्या खोलीबद्दल सांगतो.

पण तीच कमांड शांततेच्या काळात का अडखळते, हेही सांगायला हवं. तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे.

एक प्रसंग सांगतो. दक्षिणेकडच्या एका छोट्या बेटावर एका दलाच्या तुकडीचा जनरेटर बंद पडला. रडार आणि वायरलेस त्यावर चालत. लागत होता फक्त एक इंधन-पंप. हाकेच्या अंतरावर दुसऱ्या दलाची तुकडी होती आणि तिच्या गोदामात त्याच कंपनीचा पंप कागदात गुंडाळून पडलेला होता. सुटा भाग एकच, पण दोन दलांच्या याद्यांत त्याचा क्रमांक वेगळा आणि हिशोबाचं खातं वेगळं. गोदामाच्या सुभेदाराने रीतसर सांगितलं, 'साहेब, देतो, पण वजा कुठे दाखवू?' मुद्दा बरोबर होता. ऑडिटमध्ये त्याचीच मान पकडली असती. शेवटी 'तात्पुरता उसनवार' अशी चिठ्ठी करून पंप दिला आणि जनरेटर संध्याकाळी सुरू झाला. बदली पंप मेनलँडवरून येऊन कागद बंद व्हायला मात्र वर्ष उलटलं. चिठ्ठीवर माझी सही होती म्हणून मधल्या काळात मला तीन खुलासे लिहावे लागले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. सगळे नियमाने वागत होते, फक्त नियम तीन संचांत लिहिलेले होते.

गंमत अशी की जेवणाच्या बाबतीत तिन्ही दलं केव्हाचीच एक आहेत. नौदल आणि हवाई दलालाही कोरडा शिधा आमची एएससीच पुरवते. तांदूळ-डाळ एका गोदामातून जाते आणि जनरेटरचा पंप मात्र तीन गोदामांतून.

याहून खोल अडचण शिस्तीची होती. लष्कराला १९५० चा लष्कर कायदा, हवाई दलाला त्याच वर्षीचा हवाई दल कायदा आणि नौदलाला १९५७ चा नौदल कायदा. संयुक्त कमांडच्या प्रमुखाला आपल्या हाताखालच्या दुसऱ्या दलाच्या जवानावर थेट कारवाईचा पूर्ण अधिकार नसे. त्या माणसाला त्याच्या मूळ दलाच्या युनिटकडे परत पाठवायचं आणि तिथे चौकशी व्हायची. साक्षीदार बेटावर, आरोपी मेनलँडवर, तारखा पुढे ढकललेल्या. खडकवासल्याच्या एनडीएत १९५५ पासून तिन्ही दलांची मुलं एका मेसमध्ये जेवतात, एका मैदानावर घाम गाळतात आणि मग आयुष्यभरासाठी तीन वेगळ्या कायद्यांत विभागली जातात. हे दुरुस्त करायला २०२३ चा आंतरसेवा संघटना कायदा यावा लागला. तो मे २०२४ मध्ये अमलात आला आणि वर्षभराने त्याचे नियम आले. म्हणजे कमांड २००१ ची आणि तिला शिस्तीचा हात मिळाला त्यानंतर बावीस-तेवीस वर्षांनी. घर बांधून कुलपाची किल्ली पुढच्या पिढीच्या हातात दिल्यासारखं हे आहे.

तिसरी गोष्ट सामग्रीची. मोठी जहाजं, पाणबुड्या आणि लढाऊ विमानं मुख्यत्वे मेनलँडच्या कमांडकडेच राहिली आणि इकडे लागतील तेव्हा येऊ लागली. कायमस्वरूपी इथे असतात ती मुख्यतः गस्तीची आणि उतरवणीची जहाजं. याचा अर्थ इथे काहीच झालं नाही असा नाही. एलसीयू वर्गाची आठ जहाजं एकामागून एक पोर्ट ब्लेअरला आली. त्यातलं शेवटचं एलसीयू एल-५८ मार्च २०२१ मध्ये जनरल पांडे सिन्कॅन असताना दाखल झालं. रणगाडा किंवा ट्रक थेट किनाऱ्यावर उतरवणारं सपाट तळाचं हे जहाज बेटांसाठी सोन्याइतकं मोलाचं, कारण निम्म्या ठिकाणी जेटीच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून सुमारे २,३०० किलोमीटरची समुद्राखालची केबल आली. त्याआधी पोर्ट ब्लेअरला नेट म्हणजे उपग्रहाची मेहेरबानी होती. नकाशासारखी मोठी फाइल पाठवायची तर आम्ही ती पेनड्राइव्हवर घेऊन विमानात बसणाऱ्या माणसाच्या खिशात घालत असू.

मग दुसरी कमांड का झाली नाही? आपल्याकडे एकेकाच दलाच्या अशा एकूण सतरा कमांड आहेत: लष्कराच्या सात, हवाई दलाच्या सात, नौदलाच्या तीन. त्या प्रत्येकाची मुख्यालयं, बजेट आणि तीन तारे लावणारी पदं आहेत. हवाई दलाचा आक्षेप खरा आहे. त्यांच्याकडची लढाऊ विमानं मोजकी, ती तीन थिएटरमध्ये वाटली तर कुठेच पुरणार नाहीत. लष्कराची घाई आणि नौदलाचा उत्साह यांच्या मधे तो मुद्दा अजून लोंबकळतो आहे. पश्चिम, उत्तर आणि सागरी अशा तीन थिएटर कमांडची चर्चा कितीही पुढे गेली, तरी तिच्यामागे हे भांडण आहे.

आणि 'नमुना मानायचा का' याबद्दल. आकाराच्या दृष्टीने अजिबात नाही. लखनौ किंवा जयपूरहून चालणाऱ्या थिएटरमागे रेल्वे, रस्ते आणि मोठा साठा असेल. इथे मागे समुद्र आहे. पण अंदमानने एक गोष्ट दाखवून दिली, ती घ्यावी: संयुक्तपणा आकृतिबंधात नसतो, तो सहीत असतो. सुटा भाग द्यायला कोणाची सही चालते, जवानाला शिक्षा द्यायला कोणाची, आणि अधिकाऱ्याचा सीआर (त्याच्या कामाचा गोपनीय अहवाल) कोण लिहितो. बढत्यांचे बोर्ड अजून ज्याच्या त्याच्या दलाचेच. त्यामुळे कंपोनंट कमांडरच्या मनात सिन्कॅनला खूष करायचं की दिल्लीतल्या आपल्या मुख्यालयाला, हा प्रश्न कायम उभा असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही. नव्या थिएटर कमांडचा जाहीरनामा आला की मी तिचं मुख्यालय कुठे हे आधी बघणार नाही. सीआरच्या कागदावर कोण, ते बघेन.

बेटांना 'न बुडणारी विमानवाहू नौका' म्हणायची हौस बऱ्याच जणांना आहे. मला ते शब्द जरा खटकतात. विमानवाहू नौका रात्रीत दोनशेहून जास्त मैल सरकू शकते. धावपट्टी जिथे आहे तिथेच राहते आणि तिचे अक्षांश-रेखांश शत्रूला आजच माहीत आहेत. कॅम्पबेल बेच्या धावपट्टीवर विमान उतरवणं ही अर्धीच गोष्ट. त्याला लागणारं इंधन, ते साठवायच्या टाक्या, त्या टाक्यांवर पहारा आणि हवाई संरक्षण, हे सगळं आधी लागतं. १९४४ च्या जपान्यांनाही धावपट्टी होतीच.

ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाबद्दलही विचाराल म्हणून सांगतो. गलाथिया उपसागरातलं मालवाहतूक बंदर, लष्करी-मुलकी विमानतळ, नवी वसाहत आणि वीजप्रकल्प यांचा एकूण खर्च सुरुवातीला ७२,००० कोटींच्या घरात सांगितला गेला. विमानतळाची गरज मला पटते. पण त्यासाठी सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटर जंगल आणि तिथल्या शोंपेन आदिवासींची वस्ती यांना धक्का लागणार, शिवाय २००४ मध्ये हीच जमीन खचलेली आहे. संरक्षणाच्या नावावर प्रत्येक गोष्ट वाहून नेता येत नाही, हे मी वर्दी उतरवल्यानंतरही म्हणतो.

त्याच बेटावरचा एक दिवस आठवतो. १९६९ पासून सरकारने कॅम्पबेल बेच्या आसपास माजी सैनिकांची तीनशेहून जास्त कुटुंबं वसवली. पंजाबी बरेच, पण महाराष्ट्रातलेही. मी शिधा-साठ्याच्या पाहणीला गेलो होतो. जीपमधून उतरताना नावाची पट्टी वाचून एका म्हाताऱ्या बाईंनी हाक मारली, "साताऱ्याकडचे का तुम्ही?" त्यांच्या नवऱ्याला जमीन मिळाली तेव्हा त्या नवी नवरी होत्या. त्सुनामीत नारळाची बाग गेली, ती पुन्हा लावली. मी कमांडबद्दल, तळाबद्दल काहीबाही बोलत होतो. त्यांनी मधेच विचारलं, "ते सगळं ठीक, पण पुढचं जहाज कधी? मीठ संपत आलंय."